तेल, सूक्ष्मजंतू आणि फेस : नैसर्गिक पृष्ठक्रियाकारकांच्या इतिहासाचा एक परामर्श

१

पाणी आणि तेल यांच्या सीमेवर राहून त्या दोहोंमधील विरोध कमी करणाऱ्या द्रव्यांना मराठी शास्त्रीय परिभाषेत पृष्ठक्रियाकारक अशी संज्ञा आहे. अशा द्रव्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेणारे व दुसरे स्निग्ध पदार्थाकडे ओढ घेणारे असते. त्यामुळे हे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर दाटीने जमतात, पाण्याचा पृष्ठताण उतरतो, फेस उत्पन्न होतो, आणि एरव्ही पाण्याला दाद न देणारा तेलकट मळ बारीक थेंबांच्या रूपाने पाण्यात विखुरला जातो. साबण हे ह्या वर्गातील सर्वांत परिचित द्रव्य होय. तेलावर दाहक क्षाराची क्रिया घडवून साबण करण्याची रीत फार जुनी आहे. परंतु त्याच तेलावर सूक्ष्मजंतू वाढवून त्यांच्याकडून पृष्ठक्रियाकारक द्रव्य करवून घेण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे.

ह्या दुसऱ्या रीतीचा इतिहास सामान्यतः एका सरळ रेषेत सांगितला जातो. प्रथम शोध लागला, मग रचना कळली, पुढे उत्पादन वाढले आणि अखेरीस कारखाना उभा राहिला, असा तो क्रम. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. ज्या द्रव्याविषयी हे विवेचन आहे, त्याला पाऊणशे वर्षांत अनेक नावे मिळाली आणि प्रत्येक नावामागे त्या त्या काळी त्या द्रव्याला विचारलेला एक वेगळा प्रश्न होता. ही नावे क्रमाने तपासली असता असे दिसून येते की, सूक्ष्मजंतू हे काम करू शकतो की नाही हा प्रश्न बऱ्याच लवकर सुटला. कोणते तेल, कोणाच्या वाट्याचे तेल आणि कोणत्या कामासाठी, हा प्रश्न मात्र आजही पुरता सुटलेला नाही.

२

नैसर्गिक पृष्ठक्रियाकारक ही कल्पना भारतीय समाजाला नवी नव्हे. रिठा आणि शिकेकाई ह्या दोन्ही फळांत सॅपोनिन नावाची फेस उत्पन्न करणारी द्रव्ये असतात. 'रिठा' हा शब्द संस्कृत 'अरिष्टक' ह्यापासून आलेला आहे आणि त्याच फळाला संस्कृतात 'फेनिल', म्हणजे फेसाने युक्त, असेही नाव आहे. 'शिकेकाई' हा शब्द द्राविडी असून त्यातील 'काई' म्हणजे फळ किंवा शेंग. 'साबण' मात्र बाहेरून आलेला आहे. अरबी 'साबून' आणि पोर्तुगीज 'सबाँव' ही दोन्ही रूपे अखेर लॅटिन 'सापो' ह्या शब्दाशी जाऊन मिळतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी ह्याने 'सापो' हे चरबी आणि राख यांपासून केलेले, केस तांबूस करण्यासाठी वापरावयाचे द्रव्य म्हणून नमूद केले असून त्याची निर्मिती गॉल लोकांची असल्याचे म्हटले आहे.

'तेल' ह्या शब्दाचा प्रवासही ह्या संदर्भात बोधप्रद आहे. संस्कृत 'तैल' म्हणजे तिळाचे. पुढे अर्थाचा विस्तार होऊन तो शब्द कोणत्याही बीजाच्या स्निग्ध रसाला लागू झाला आणि मराठीत तर 'खोबरेल', 'एरंडेल', 'करंजेल' ह्या शब्दांत त्याचे केवळ 'एल' एवढे प्रत्ययवजा रूप उरले. खोबरेल खाण्याचे व केसांना लावण्याचे, एरंडेल औषधाचे, करंजेल दिव्याचे आणि त्वचारोगावरचे, असा व्यवहारातील भेद ह्या शब्दांना चिकटलेला आहे. खाण्याचे तेल आणि न खाण्याचे तेल यांतील हा भेद पुढील इतिहासात वारंवार समोर येतो, म्हणून तो येथे लक्षात ठेवावयास हवा.

साबणाच्या क्रियेचे रासायनिक स्वरूप फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल ह्याने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उलगडले. तेल अथवा चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि वसाम्ले यांचा संयोग होय. क्षाराच्या योगाने तो संयोग तुटतो आणि वसाम्लांचे क्षारीय लवण म्हणजेच साबण तयार होतो. ह्या शोधानंतर सुमारे शंभर वर्षे पृष्ठक्रियाकारक म्हटले की साबण, आणि साबण म्हटला की चरबी किंवा वनस्पतितेल, असे समीकरण होते. ते प्रथम मोडले पहिल्या महायुद्धात. जर्मनीत स्निग्ध पदार्थांचा तीव्र तुटवडा पडला, खाण्यालाच चरबी मिळेना, तेव्हा धुण्यासाठी ती खर्च करणे परवडणारे नव्हते. त्या निकडीतून खनिज कोळशापासून मिळणाऱ्या द्रव्यांवर आधारलेले पहिले कृत्रिम प्रक्षालक निर्माण झाले. धुणे आणि खाणे यांच्यातील ही स्पर्धा विसाव्या शतकाच्या आरंभी इतक्या स्पष्टपणे प्रकट झाली होती.

३

आता ज्या सूक्ष्मजंतूभोवती हा इतिहास फिरतो त्याकडे वळू. १८७२ मध्ये श्रोएटर ह्या जर्मन शास्त्रज्ञाने ह्या जंतूला 'एरुजिनोझा' हे विशेषण दिले. लॅटिन 'एरुगो' म्हणजे तांब्यावर चढणारा हिरवा कळंक. जंतूच्या वाढीला येणाऱ्या निळसर हिरव्या रंगावरून हे नाव पडले. १८८२ मध्ये कार्ल गेसार ह्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने जखमांच्या पट्ट्यांना निळाहिरवा रंग आणणारा जंतू वेगळा काढला, आणि त्यावरून 'पायोसायनिया' हे दुसरे नाव रूढ झाले. ग्रीक 'प्यूऑन' म्हणजे पू आणि 'क्यानोस' म्हणजे गडद निळा. ग्रीक 'प्यूऑन', लॅटिन 'पूस', संस्कृत 'पूय' आणि मराठी 'पू' हे सारे शब्द एकाच मूळ धातूचे आहेत, ही गोष्ट तौलनिक भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला सुपरिचित आहे. आज स्यूडोमोनस एरुजिनोझा ह्या नावाने ओळखला जाणारा हा जंतू माती, पाणी आणि ओलसर जागा यांत सर्वत्र आढळतो. भाजलेल्या आणि दुर्बळ रुग्णांच्या शरीरात शिरून तो गंभीर विकारही उत्पन्न करतो.

१९४६ मध्ये स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम, थिओरेल आणि डाव्हिडे ह्या तिघांनी ह्या जंतूच्या संवर्धनद्रवातून एक तेलकट अम्ल वेगळे केले. क्षयाच्या जंतूची वाढ ते रोखते असे त्यांना आढळले होते. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध नुकताच जाहीर झालेला तो काळ. क्षयावर आणखी एखादे औषध जंतूंकडूनच मिळेल ह्या आशेने अनेक प्रयोगशाळा झटत होत्या. ह्या अम्लाला त्यांनी 'पायोलिपिक अम्ल' असे नाव दिले, म्हणजे शब्दशः पुवाच्या जंतूचे स्निग्ध अम्ल. थिओरेल यांना १९५५ मध्ये आणि बर्गस्ट्रॉम यांना १९८२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु दोन्ही वेळा कारण वेगळे होते. पायोलिपिक अम्लाचे क्षयावरील औषध झाले नाही, आणि नावातील रोगाचा वासही पुढे टिकला नाही.

१९४९ मध्ये अमेरिकेतील जार्व्हिस आणि जॉन्सन यांनी त्याच जंतूपासून मिळणाऱ्या द्रव्याची घटना निश्चित केली. त्यात ऱ्हॅम्नोज नावाच्या शर्करेचे दोन आणि दहा कार्बन अणूंच्या एका हायड्रॉक्सी वसाम्लाचे दोन रेणू परस्परांना जोडलेले असतात असे त्यांनी दाखविले. त्यांच्या लेखनात हे द्रव्य 'ग्लायकोलिपाइड' झाले, म्हणजे शर्करा आणि स्निग्ध पदार्थ यांचा संयोग. पू नावातून गेला आणि रसायन आले. १९५४ पासून हाउझर आणि कार्नोव्हस्की यांनी किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने हे द्रव्य जंतूच्या शरीरात कसे घडते ह्याचा मागोवा घेतला. त्यांच्या १९५७ च्या लेखात 'ऱ्हॅम्नोलिपाइड' हा शब्द आढळतो, आणि तोच किंचित फरकाने आजवर चालत आला आहे. ऱ्हॅम्नोज ही शर्करा 'ऱ्हॅम्नस' नावाच्या काटेरी झुडपांच्या कुळावरून नाव घेऊन आली आहे. जंतूच्या द्रव्याला अशा रीतीने एका वनस्पतीचे नाव मिळाले. १९६३ मध्ये बर्गर, ग्लेझर आणि बर्टन यांनी शर्करेचे दोन रेणू एकामागून एक कसे जोडले जातात हे एंझाइमांच्या आधारे दाखविले, आणि १९६५ मध्ये एडवर्ड्‌झ आणि हायाशी यांनी त्यांतील बंधांची नेमकी रचना स्पष्ट केली.

येथवरच्या ह्या महत्त्वाच्या कामांत जंतूचे अन्न म्हणून मुख्यतः ग्लिसरीन येते. वनस्पतितेलाला अद्याप ठळक जागा मिळालेली नाही. द्रव्याच्या पृष्ठक्रियेविषयीही फारशी उत्सुकता दिसत नाही. प्रश्न होता तो औषधाचा आणि रचनेचा.

४

हे चित्र बदलण्यास प्रयोगशाळेबाहेरील घटना कारणीभूत झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलापासून केलेल्या कृत्रिम प्रक्षालकांनी साबणाला झपाट्याने मागे टाकले. १९५० च्या सुमारास इंग्रजीत 'सरफेस', 'ॲक्टिव्ह' आणि 'एजंट' ह्या तीन शब्दांचे तुकडे जोडून 'सर्फॅक्टंट' हा नवा शब्द घडविण्यात आला, तोही मुळात व्यापारी नाव म्हणून. साबणाहून भिन्न असलेल्या द्रव्यांना सामावून घेणारा शब्द हवा होता, हे त्याच्या जन्माचे कारण. परंतु ह्या नव्या प्रक्षालकांतील एका प्रमुख वर्गाच्या रेणूंत कार्बनाची साखळी फांद्या फुटलेली असे, आणि तशी साखळी मातीतील व पाण्यातील जंतूंना सहज तोडता येत नसे. परिणामी यूरोप-अमेरिकेतील नद्यांवर आणि सांडपाण्याच्या प्रक्रिया केंद्रांवर फेसाचे थर दिसू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये ह्याविरुद्ध कायदा केला, तो १९६४ मध्ये अमलात आला. अमेरिकेतील उत्पादकांनी १९६५ पर्यंत सरळ साखळीच्या, जंतूंना पचणाऱ्या द्रव्यांकडे वळण घेतले. जे द्रव्य जंतू तोडू शकत नाहीत ते निसर्गात साचत राहते, हा धडा ह्या प्रकरणाने दिला. त्यावरून जे द्रव्य जंतूच करतात ते जंतूंना तोडताही येईल, हा विचार सुचणे स्वाभाविक होते.

मार्च १९६७ मध्ये टॉरी कॅन्यन हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. जहाजात सुमारे १ लक्ष १९ हजार टन कच्चे खनिज तेल होते. किनारे स्वच्छ करण्यासाठी १० हजार टनांच्या आसपास कृत्रिम विखुरक द्रव्ये ओतण्यात आली, आणि तेलाने जेवढे सागरी जीव मेले नसते तेवढे ह्या द्रव्यांनी मारले, असे नंतरच्या पाहणीत दिसून आले. त्यानंतर तेलाची गळती आणि जंतूंचे पृष्ठक्रियाकारक ह्या दोन गोष्टींचा संबंध अभ्यासकांच्या मनात जोडला गेला तो कायमचा. अलास्कातील एक्सॉन व्हाल्डेझ जहाजाच्या १९८९ मधील अपघातानंतर तेथील तेलाने माखलेल्या खड्यांवर स्यूडोमोनस एरुजिनोझाच्या अशा द्रव्याचा प्रयोग करण्यात आला व त्याचा वृत्तांत १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासकांत भारतात जन्मलेले आनंद चक्रवर्ती हे होते. तेलभक्षक जंतूच्या स्वामित्वहक्काविषयी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिलेल्या निर्णयामुळे त्यांचे नाव आधीच सर्वज्ञात झाले होते.

ह्याच सुमारास जपानमध्ये दोन महत्त्वाचे शोध लागले. १९६८ मध्ये अरिमा, काकिनुमा आणि तामुरा यांनी बॅसिलस सबटिलिस ह्या जंतूपासून 'सर्फॅक्टिन' हे द्रव्य मिळविले. रक्त गोठण्याच्या क्रियेला अडथळा करणारे द्रव्य ते शोधत होते. परंतु हाती आलेले द्रव्य पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून २७ डाइन प्रति सेंमीपर्यंत उतरविते असे आढळले, आणि नाव पडले ते ह्या गुणावरून. जंतूच्या द्रव्याला त्याच्या पृष्ठक्रियेवरून नाव मिळण्याचा हा प्रसंग लक्षणीय आहे. १९७१ मध्ये हिसात्सुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. खनिज तेलातील हायड्रोकार्बनावर वाढणारा स्यूडोमोनस एरुजिनोझा ऱ्हॅम्नोलिपिड तयार करतो आणि हे द्रव्य मिळाल्याने त्याची अशा अन्नावरील वाढ अधिक चांगली होते, असे त्यांनी दाखवून दिले. ह्यामुळे द्रव्याच्या प्रयोजनाचाच उलगडा झाला. पाण्यात न मिसळणारे अन्न जंतूला खावयाचे असेल तर प्रथम त्याला ते पाण्यात विखुरावे लागते. ऱ्हॅम्नोलिपिड हे त्यासाठीचे त्याचे साधन होय. पुढे १९७० ते १९९० ह्या काळात 'बायोसर्फॅक्टंट', म्हणजे जैव पृष्ठक्रियाकारक, हा शब्द रूढ झाला. त्यात पू नाही, औषध नाही, शर्करा व स्निग्ध पदार्थ यांची रचनाही नाही; आहे ते केवळ काम आणि उगम.

५

अन्न पाण्यात न मिसळणारे असले तर जंतू पृष्ठक्रियाकारक करतो, हे एकदा ध्यानात आल्यावर वनस्पतितेलाकडे वळणे ओघानेच आले. खनिज तेलातील हायड्रोकार्बनांपेक्षा सोयाबीन, राई-वर्गातील रेपसीड किंवा सूर्यफूल यांचे तेल जंतूला अधिक सुलभ असते, आणि त्यापासून निघालेल्या द्रव्यात खनिज तेलाचे अवशेष राहण्याची भीती नसते.

ह्या क्रियेचे टप्पे असे. जंतू प्रथम लायपेज नावाचे एंझाइम शरीराबाहेर सोडतो. त्याच्या योगाने तेलाचे ग्लिसरीन आणि वसाम्ले असे विघटन होते. साबण करताना जे काम क्षार करतो तेच येथे एंझाइम करते. पुढचे काम मात्र क्षाराच्या आवाक्यातील नाही. सोयाबीनच्या तेलातील वसाम्लांत बहुशः १८ कार्बन अणूंची साखळी असते, तर ऱ्हॅम्नोलिपिडात मुख्यतः १० कार्बनांची. जंतू लांब साखळीचे दोन-दोन कार्बनांचे तुकडे पाडीत जातो. त्या क्रियेतील मधले तुकडे ऱ्हॅम्नोलिपिडाच्या स्निग्ध भागासाठी उपयोगात येतात, असे २०१० नंतरच्या संशोधनाने दाखविले आहे. तेलापासूनच मिळालेल्या कार्बनाची पुनर्रचना करून जंतू ऱ्हॅम्नोज शर्कराही घडवितो. मग एक एंझाइम दोन हायड्रॉक्सी वसाम्ले जोडते, दुसरे त्यांना ऱ्हॅम्नोजचा पहिला रेणू लावते आणि तिसरे दुसरा. अशा रीतीने सिद्ध झालेले द्रव्य पाण्याचा पृष्ठताण ३० डाइनच्याही खाली आणते, उरलेल्या तेलाचे थेंब बारीक करते, आणि लायपेजला काम करण्यास अधिक पृष्ठभाग मिळतो.

ह्या निर्मितीला दोन नियामक आहेत. पहिला नायट्रोजन. अन्नातील नायट्रोजन संपला आणि कार्बन मात्र मुबलक उरला की जंतूची वाढ थांबते व द्रव्याची निर्मिती वाढते. दुसरा नियामक जंतूंची दाटी. झुरिच येथील ओक्स्नर आणि रायझर यांनी १९९४ व १९९५ मध्ये ह्या द्रव्याची जनुके ओळखली आणि जंतू परस्परांना रासायनिक संकेत देऊन पुरेशी संख्या झाल्यावरच हे काम हाती घेतात, असे सिद्ध केले. एकट्या जंतूने सोडलेले द्रव्य पाण्यात वाहून जाणार. समुदायाने सोडलेले मात्र उपयोगी पडणार, हे त्यामागील तत्त्व.

उत्पादनाच्या दृष्टीने ह्या वाटेवरील सर्वांत उल्लेखनीय आकडा जर्मनीतील होखस्ट कंपनीच्या संशोधकांचा आहे. १९९७ च्या अमेरिकन स्वामित्वहक्कात त्यांनी सोयाबीनच्या तेलावर प्रतिलिटर ११२ ग्रॅमपर्यंत ऱ्हॅम्नोलिपिड मिळाल्याची नोंद केली. ब्राझीलमधील संशोधकांनी २००२ मध्ये सूर्यफूल तेलाच्या शुद्धीकरणात मागे राहणाऱ्या साबणमिश्रित गाळावर जंतू वाढविला व प्रतिलिटर सुमारे १६ ग्रॅम द्रव्य मिळविले. आकडा पुष्कळ लहान. परंतु तेल विकत घेतलेले नव्हते, टाकाऊ होते. ह्या दोन आकड्यांतील अंतरात पुढच्या साऱ्या वादाचे बीज आहे.

६

तेलाचा दुसरा, अधिक सरळ उपयोग करणारा जीव जंतू नसून यीस्ट आहे. तुलनेसाठी त्याचा उल्लेख आवश्यक ठरतो. १९६१ मध्ये कॅनडातील गोरिन, स्पेन्सर आणि टुलॉक यांनी टोरुलॉप्सिस वर्गातील एका यीस्टपासून सोफोरोज ही शर्करा आणि लांब साखळीचे वसाम्ल यांचा संयोग मिळविला. सोफोरोज हे नाव सोफोरा ह्या वृक्षावरून आलेले आहे. १९७० मध्ये त्याच अभ्यासकांनी टोरुलॉप्सिस बॉम्बिकोला ह्या नव्या जातीचे वर्णन केले. 'बॉम्बिकोला' म्हणजे भुंग्यासारख्या मोठ्या मधमाशांच्या सहवासात राहणारी. आज ही जाती स्टार्मेरेला बॉम्बिकोला ह्या नावाने ओळखली जाते.

हे यीस्ट तेलातील वसाम्ल फारसे न तोडता, केवळ त्याच्या टोकाजवळ ऑक्सिजन जोडून, तसेच्या तसे आपल्या द्रव्यात घेते. भाषेच्या परिभाषेत बोलावयाचे तर सोफोरोलिपिडातील तेलाचा अंश तत्सम शब्दासारखा असतो आणि ऱ्हॅम्नोलिपिडातील तद्भवासारखा: पहिल्यात मूळ रूप ओळखू येते, दुसऱ्यात ते झिजून निराळे झालेले असते. ह्या भेदाचा व्यवहारात मोठा परिणाम होतो. तेल हा द्रव्याचाच भाग होत असल्याने यीस्टपासून मिळणारे उत्पन्न फार मोठे असते. १९९८ मध्ये डॅनियल, रॉइस आणि झिल्डाट्क यांनी चीज करताना निघणारी निवळ आणि रेपसीडचे तेल वापरून दोन टप्प्यांत प्रतिलिटर ४२२ ग्रॅम सोफोरोलिपिड मिळविल्याचे नमूद केले. शिवाय हे यीस्ट रोगकारक मानले जात नाही. जपानमधील सराया कंपनीने सोफोरोलिपिड असलेली धुण्याची द्रव्ये बाजारात आणली, ती पाम तेलाच्या आधाराने.

७

इतके यश मिळूनही ही द्रव्ये दीर्घकाळ महागच राहिली, ह्याची कारणे पाहणे अगत्याचे आहे.

पहिले कारण जंतूचा स्वभाव. स्यूडोमोनस एरुजिनोझा रोगकारक आहे. त्याचे हजारो लिटर संवर्धन करणे धोक्याचे, आणि ऱ्हॅम्नोलिपिड हे स्वतः त्याच्या रोगकारक सामर्थ्याचे एक अंग आहे. 'पायोलिपिक' नावातून जे झटकले गेले होते ते कारखान्याच्या दारात पुन्हा उभे राहिले. दुसरे कारण फेस. वायू खेळविलेल्या पात्रात उत्तम फेस करणारे द्रव्य तयार होऊ लागले की पात्रच फेसाने भरून वाहू लागते. उत्पादनाचा गुण हाच उत्पादनाचा अडथळा होतो. तिसरे कारण द्रव्य वेगळे काढण्याचे. पात्रात उरलेले तेल आणि तयार झालेले द्रव्य ही दोन्ही एकमेकांशी एकजीव होऊन बसतात. त्यांना विलग करण्याचा खर्च मोठा असतो. म्हणजे जंतूला द्रव्य करण्यास प्रवृत्त करणारे तेलच अखेरीस द्रव्याच्या शुद्धतेच्या आड येते. चौथे कारण तेलाची किंमत, आणि त्या किमतीमागे असलेला खाणाऱ्यांचा हक्क.

ह्या अडचणींवर निघालेला तोडगा मोठा मार्मिक आहे. ओक्स्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच ऱ्हॅम्नोलिपिडाची जनुके स्यूडोमोनस पुटिडा ह्या निरुपद्रवी जंतूत घालून दाखविली होती. असा जंतू तेलाची वाट पाहत नाही. जनुक जागे ठेवण्याची व्यवस्था माणसाने केलेली असल्याने साध्या शर्करेवरही तो द्रव्य करतो. युनिलिव्हर कंपनीने २०१९ मध्ये चिली देशात ऱ्हॅम्नोलिपिड असलेले भांडी घासण्याचे द्रव्य विक्रीस आणले, आणि ते ऱ्हॅम्नोलिपिड पुरविणाऱ्या एव्होनिक ह्या जर्मन कंपनीने स्लोव्हाकियातील स्लोव्हेन्स्का ल्युप्चा येथे उभारलेला मोठा कारखाना २०२४ मध्ये सुरू झाला. तेथे जंतूचे अन्न मक्याची शर्करा आहे; पाम तेलासारखी उष्ण कटिबंधातील तेले वापरावी लागत नाहीत, हे ह्या उत्पादनाचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. तेलाच्या साहाय्याने ज्या द्रव्याचा अभ्यास वाढला, त्याच द्रव्याने मोठ्या प्रमाणावर बाजारात उतरताना तेलाचा हात सोडला.

ह्यावरून वनस्पतितेलाचा अध्याय संपला असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मक्याची शर्कराही शेतातूनच येते आणि तीही अन्नच आहे. प्रश्न तेल की शर्करा असा नसून, जे द्रव्य खर्च होते त्याला अन्य उपयोग आहे की नाही, हा आहे.

८

ह्या ठिकाणी भारताचा संबंध केवळ औपचारिक राहत नाही. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. अशा देशात सोयाबीनच्या शुद्ध तेलावर जंतू पोसून फेस करणे हे पहिल्या महायुद्धातील जर्मनीने टाळलेली चूक पुन्हा करण्यासारखे ठरेल. म्हणूनच येथील संशोधनाचे वळण आरंभापासून वेगळे दिसते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जिची स्थापना १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून झाली, तळणीत वापरून झालेल्या तेलावर ऱ्हॅम्नोलिपिड आणि सोफोरोलिपिड ही दोन्ही द्रव्ये करण्याचे प्रयोग झाले व २०१२ मध्ये त्यांचे वृत्तांत प्रसिद्ध झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी मोगली एरंडाच्या तेलापासून सोफोरोलिपिड करून कपडे धुण्याच्या चुऱ्यातील पूरक द्रव्य म्हणून त्याची परीक्षा केली. ते काम २०१३ मध्ये प्रकाशित झाले. मोगली एरंडाचे तेल विषारी, त्यामुळे खाण्याशी त्याची स्पर्धा नाही. तळणीचे उरलेले तेल तर पुन्हा खाण्यात येऊ नये अशीच अपेक्षा असते.

करंज, कडुनिंब आणि उंडी हे महाराष्ट्रातील परिचित वृक्ष. त्यांची तेले एके काळी दिव्यात जळत आणि औषधात पडत. घासलेट व विजेचे दिवे आल्यावर त्यांचा व्यवहार आटला. ज्या तेलांना भाषेने स्वतंत्र नावे दिली, ती आता ताटात किंवा दिव्यात नसली तरी जंतूच्या पात्रात उपयोगी पडू शकतात. त्यांतील काही घटक जंतूंच्या वाढीस प्रतिकूल असतात, बीज गोळा करणे कष्टाचे असते, आणि दर वर्षीचे उत्पन्न सारखे नसते. ह्या अडचणी सोडविल्यावाचून प्रयोगशाळेतील यश कारखान्यापर्यंत जाणार नाही. तथापि ह्या अडचणी व्यवस्थेच्या आहेत. शुद्ध खाद्यतेल वापरण्यातील अडचण न्यायाची आहे, आणि ती कोणत्याही यंत्राने सुटणारी नाही.

ह्या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, 'पायोलिपिक अम्ला'पासून 'जैव पृष्ठक्रियाकारका'पर्यंतचा नावांचा प्रवास हा ज्ञानाच्या वाढीबरोबरच विस्मरणाचाही प्रवास आहे. 'नैसर्गिक' हे विशेषण लागताच द्रव्य निरुपद्रवी झाले असे मानण्याचे कारण नाही. दुसरी अशी की, तेल हे जंतूला द्रव्य करण्यास प्रवृत्त करते खरे, परंतु ज्या द्रव्यात ते झिजून केवळ तद्भव रूपाने उरते तेथे त्याची जागा अन्य अन्न घेऊ शकते, आणि तशी ती घेतली गेली आहे. जेथे तेल तत्सम रूपाने द्रव्याचाच भाग होते, तेथे मात्र त्याला पर्याय सहज नाही. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट अशी की, ह्या उपयोगासाठी योग्य तेल कोणते ह्याचा निर्णय उत्पन्नाच्या आकड्यावर करता येत नाही. प्रतिलिटर ११२ ग्रॅम देणारे शुद्ध तेल आणि १६ ग्रॅम देणारा टाकाऊ गाळ यांची तुलना करताना, पहिले कोणाच्या ताटातून उचलले गेले हे विचारावेच लागते. रिठ्याच्या आणि शिकेकाईच्या फेसाला हा प्रश्न कधी विचारावा लागला नव्हता, कारण ती फळे कोणी खात नसे. जंतूच्या फेसाने त्याच कसोटीला उतरणे इष्ट होय.